राठोड विरुद्ध राठोड, बाबत चिंचेचं झाड

मु. तांडा, ता. मानोरा, जि. वाशीम
माघ महिना, सोमवार, दुपार

चि. सौ. गोमतीबाई हिला मोठा भाऊ किसनसिंग याचे पोटभर आशीर्वाद. जय सेवालाल.

आधी तब्येती, मग बाकीचं. तुझ्या गुडघ्यांपासून सुरुवात करतो, कारण घरात तेच सगळ्यात जास्त बोलतात. डावा अजून चढणीला कुरकुरतो की आता उजव्यानेही त्याची संगत धरली? रुईचं पान गरम करून बांधत जा, पण तेल लावून बांध. कोरडं बांधलं तर पान कातड्याला चिकटतं आणि मग गुडघा राहतो बाजूला, पान काढायचाच इलाज करावा लागतो (हे माझ्यावरून सांगतो). जवाईबापूंचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, औषध बाटलीवर लिहिलं तेवढंच घ्या, चव चांगली आहे म्हणून नाही. राजपाल एसटीत कंडक्टर झाल्यापासून पोराच्या पोटाला वेळ नाही, त्याला सकाळी भाकर खाऊनच डेपोत पाठवत जा. सूनबाई निताच्या दाढेचं काय झालं? काढली असेल तर बरं झालं, काढली नसेल तर घाई करू नये. तुझ्या सासूबाई ललिताबाईंना माझा नमस्कार सांग, आणि मोठ्याने सांग, मागच्या वेळी त्यांना नमस्काराऐवजी मी काहीतरी मागतो आहे असं वाटलं होतं.

इकडे मी ठीक आहे. तुझी वहिनी रुखमाबाई ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

आता तू म्हणशील, दादा फोन लावायचा सोडून पत्र काहून लिहून राहिला. बाई, फोनवर बोललेलं हवेत जातं आणि हे प्रकरण आता हवेत ठेवण्यासारखं राहिलं नाही. तांड्याच्या नायकाचा हुकूम आहे, जे काय ते कागदावर पाहिजे. मी शाळेत गेलो नाही हे तुला माहीतच आहे, उसाच्या फडावर साखरेच्या पोत्यावरची छापील अक्षरं पाहून शिकलो, त्यामुळे माझं अक्षर अजून पोत्यावरच्यासारखं मोठं येतं आणि कागद जास्त लागतो. आपल्या गोरमाटी बोलीत लिहायला बसलो तर हात अडतो, म्हणून मराठीत लिहितो.

तर गोष्ट आपल्या चिंचेची. आपल्या आणि मदनसिंगच्या घराच्या मधोमध जी उभी आहे, तीच. तुझं लग्न झालं तेव्हा होती तशीच आहे, फक्त बुंध्याला एक ढोली पडली आहे आणि तिच्यात मदनसिंगची तंबाखूची डबी राहते. सकाळची सावली त्याच्या अंगणात पडते, दुपारनंतरची आपल्या अंगणात. म्हणून सकाळी मी माझी बाज उचलून त्याच्या बाजूला नेतो आणि दुपारी तो त्याची बाज आपल्या बाजूला आणतो, आणि दोघेही पडल्या पडल्या एकमेकाला सांगतो की हे झाड आमचं आहे. अशी चाळीस वर्षं सुखात गेली. मग गेल्या पावसाळ्यात ग्रामसेवक आले. म्हणाले, झाडाभोवती ओटा मंजूर झाला आहे, कागदावर झाडाच्या मालकाचं नाव लागतं, तर झाड कोणाचं? दोन बाजांवरून एकदम आवाज गेला, "माझं."

मी म्हणालो, आमचा बापू रूपला राठोड याने तुझा बाप थावरा राठोड याच्यावर मंगरूळच्या कोर्टात दावा टाकला होता आणि जिंकला होता. मदनसिंग म्हणाला, दावा टाकला होता हे खरं, पण जिंकला माझा बाप. (तुला आठवत असेल, दावा संपल्याची खबर आली तेव्हा बापूने तांड्याच्या या टोकाला गूळ वाटला आणि थावराकाकाने त्या टोकाला. आम्ही तरणी पोरं दोन्हीकडचा गूळ खाऊन आलो, पण तेव्हा कोणाच्या डोक्यात प्रश्न आला नाही.) नायक म्हणाला, दोघांपैकी एक खोटं बोलतो हे उघड आहे, तेव्हा कोर्टातून कागद आणा. ज्याचा बाप हरला असेल त्याने होळीच्या दिवशी, सगळ्या तांड्यासमोर, आपली बाज चिंचेखालून उचलायची. कायमची. आम्ही दोघांनी लगेच हो म्हटलं. वयाने माणसाला अक्कल येते असं म्हणणाऱ्याने आम्हाला पाहिलेलं नाही.

घरात पेटी उघडली. दाव्याची एक प्रत सापडली, पिवळी, चार ठिकाणी घडी मोडलेली. सगळं होतं: झाडाच्या चार दिशा, थावराकाकाच्या घरच्यांनी भर दुपारी दोन पोती चिंचा झोडपून नेल्याची हकिकत, साक्षीदारांची यादी. फक्त वरचा उजवा कोपरा नव्हता, आणि नंबर तिथेच असतो. त्या कोपऱ्याची बापूने चुन्याची पुडी बांधली असणार. बापूला कुठलाही चांगला कागद दिसला की त्यात चुना बांधावासा वाटे.

मंगरूळच्या कोर्टाचे जुने कागद आता वाशीमला ठेवतात, म्हणून वाशीमला जायचं ठरलं. एकटा मी गेलो तर मी कागद बदलीन असं मदनसिंगला वाटे, एकटा तो गेला तर तो कागद खाईल असं मला वाटे. म्हणून दोघं बरोबर. आणि त्याची बायको वारल्यापासून त्याच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, म्हणून डबाही आपल्याच घरून. पहिल्या खेपेला रुखमाबाईने दोन डबे भरून दिले. दुसऱ्या खेपेला म्हणाली, "भांडायले तुमी जाता का दोघं, का सोयरिक पाह्यले जाता?" सहाव्या खेपेला तिने त्याच्या डब्यात लोणचं घातलं, माझ्या डब्यात विसरली, आणि तेव्हापासून ती आणि मी बोलत नाही.

एसटीतही अपमानच. मदनसिंग माझ्यापेक्षा एका पावसाळ्याने लहान. पण आधार कार्डावर तो शहात्तर आणि मी एकाहत्तर. म्हणून त्याला तिकीट माफ आणि मला अर्धं. दर खेपेला कंडक्टर आला की तो खिडकीकडे पाहत म्हणे, "लहान पोराले अर्दं द्या." (राजपालला विचार, कार्डावरचं वय वाढवून मिळतं का. कमी करून मिळतं हे ऐकलं आहे.)

रेकॉर्ड रूममध्ये नीलिमाताई म्हणून एक बाई आहेत. चष्मा, शांत स्वभाव, आणि समोर रजिस्टरांच्या अशा भिंती की कोणी शिंकलं तर एक संपूर्ण साल अंगावर येईल. मी हात जोडून म्हणालो, आमचा निकाल द्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, नंबर असला तं वर्ष सापडते, वर्ष असलं तं नंबर सापडते. तुमच्यापाशी यातलं काय हाये?" मी चुन्याची हकिकत सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग एक अर्ज पुढे केला आणि म्हणाल्या, याच्यात वर्ष तरी आठवून लिहा.

तो अर्ज मी आणि मदनसिंगने दुसऱ्या खेपेला नेऊन दिला. नाव, गाव, सगळं नीट. वर्षाच्या रकान्यात जागा कमी होती म्हणून मी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "रामीबाईची म्हैस विहिरीत पडली त्याच्या पुढच्या वर्षी." आता हे आपल्या तांड्यात कोणालाही दाखव, लहान पोरसुद्धा सांगेल की बरोबर आहे. नीलिमाताईंनी ते वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हणाल्या, "आजोबा, इथं चार आकडे लागतात." मदनसिंग म्हणाला, म्हैस पडली तेव्हा तिला चार माणसांनी काढली होती. त्या म्हणाल्या, ते चार नाही.

मग म्हशीचं साल शोधणं आलं. म्हैस ज्या दिवशी पडली त्याच दिवशी रामीबाईच्या लेकीला मुलगा झाला (धावपळीत म्हशीकडे कोणाचं लक्ष नव्हतं, म्हणूनच ती पडली). त्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तारीख एक जुलै निघाली. आपल्या तांड्यातली सगळी पोरं गुरुजींनी एक जुलैलाच जन्माला घातली आहेत, तेव्हा तारखेवर भरवसा नाही, पण साल तरी गुरुजींनी विचारून लिहिलं असेल असं धरलं. १९८०. म्हणजे दावा १९८१ चा. बाई, एका म्हशीने एवढं काम केलं. जिवंतपणी ती दूधही धड देत नव्हती.

तिसऱ्या खेपेला नीलिमाताई सुट्टीवर होत्या. त्यांच्या जागी बसलेल्या माणसाने आम्हाला बाहेरच्या मशीनकडे पाठवलं. त्यात पक्षकाराचं नाव टाकलं की खटला सापडतो. आम्ही राठोड टाकलं. त्यावर मशीनने वाकड्यातिकड्या अक्षरांचं एक चित्र दाखवलं आणि विचारलं, हे काय लिहिलं आहे ते सांगा, म्हणजे तुम्ही माणूस आहात अशी खात्री पटेल. मी पाच वेळा सांगितलं. पाचही वेळा मशीनची खात्री पटली नाही. मदनसिंग मशीनच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "मी वळखतो याले. मानूसच हाये. खोटा हाये, पन मानूस हाये." मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मुलीने शेवटी आमच्या वतीने माणूस होऊन दिलं. आत पाहतो तर राठोड विरुद्ध राठोड, राठोड विरुद्ध राठोड, खाली खाली जात पार पाताळापर्यंत. आपलीच माणसं आपल्याच माणसांशी एवढं भांडतात हे पाहून मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं, एकट्याला लाज वाटत होती. पण त्यात सगळे नवे खटले. आपल्या बापूच्या वेळचं काहीच नाही.

चौथ्या खेपेचं लिहू की नको असं झालं आहे, पण लिहितो. ऊन फार होतं आणि जेवणाची सुट्टी झालेली. बरा पंखा असलेली एक खोली दिसली, तिथे आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि डोळा लागला. सुट्टी संपली, साहेब येऊन बसले, कामकाज सुरू झालं, आम्ही झोपेत. पट्टेवाल्याने पुकारा केला, "राठोड हाजिर हो." बाई, सात माणसं उभी राहिली. त्यात आम्ही दोघं. पुढे जाऊन उभेही राहिलो. खटला कोणाच्या तरी ट्रॅक्टरने कोणाच्या तरी बैलाला धडक दिल्याचा होता. साहेबांनी फायलीतून वर पाहिलं आणि विचारलं, तुम्ही दोघं कोणाकडून? मदनसिंगने हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, आमी चिंचवाले." साहेबांनी फायलीत चिंच शोधली. एका वकिलाने शोधली, मग समोरच्या वकिलाने शोधली. शेवटी साहेबांनीच ओळखलं, हसू दाबलं आणि रेकॉर्ड रूम कुठे आहे ते सांगितलं. साहेब माणूस चांगला. पण बैलवाल्यांचा वकील जिन्यापर्यंत आमच्या मागे आला आणि हळू आवाजात विचारू लागला, त्या बैलाने चिंचा खाल्ल्या होत्या का म्हणून.

पाचव्या खेपेला आम्ही चुकीच्या जीपमध्ये बसून शेलूबाजारला उतरलो. तिथे बाजार होता. मदनसिंगने टोपी घेतली आणि मला रुखमाबाईसाठी कांदे घ्यायला लावले. कोर्टापर्यंत पोचलोच नाही. तरी ती खेप वाया गेली असं मला वाटत नाही.

सहाव्या खेपेला, म्हणजे गेल्या बुधवारी, नीलिमाताईंनी १९८१ चं रजिस्टर काढून ठेवलं होतं. त्या सालात राठोड विरुद्ध राठोड असे अकरा. बोट खाली खाली आलं आणि थांबलं. रूपला राठोड विरुद्ध थावरा राठोड, बाबत चिंचेचं झाड व त्याची फळं. गोमती, बापूचं नाव निळ्या शाईत होतं. चव्वेचाळीस वर्षं ते तिथे बसून होतं आणि आम्हाला ठाऊक नव्हतं. मी चष्मा पुसायला घेतला. मदनसिंगही पुसत होता, आणि बाई, त्याला तर चष्मा नाही, तो धोतराच्या सोग्याने नुसते डोळेच पुसत होता.

मी विचारलं, कोण जिंकलं? नीलिमाताईंनी वाचून दाखवलं. दिनांक एकोणीस जानेवारी १९८२. पुकारा केला असता वादी गैरहजर. प्रतिवादी गैरहजर. दावा काढून टाकला. मदनसिंग म्हणाला, "मंग आमी जिंकलो." मी म्हणालो, तुझा बाप गैरहजर होता, गैरहजर माणूस जिंकत नसतो. तो म्हणाला, तुझा बाप कुठे हजर होता? नीलिमाताई म्हणाल्या, "आजोबा, हात जोडते, इथं कोनी जिंकलं असं नाही लिहेल, कोनी हारलं असंबी नाही. दोघंबी आले नाही, एवढंच हाये. फाईल नियमानं कधीच नष्ट केली, आता एवढीच ओळ राह्यली."

बाहेर येऊन आम्ही पायरीवर बसलो. डबा उघडला. मी बोटावर मोजलं. जानेवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. त्या साली आम्ही कोल्हापूरकडे होतो, सगळा तांडा एकाच टोळीत. बापू ऊस तोडत होता आणि थावराकाका त्याच उसाच्या मोळ्या बांधत होता. दोघांचं बोलणं बंद. बापूला मीठ लागलं तर मला सांगे, त्याले म्हण मीठ दे, आणि थावराकाका माझ्याकडे न पाहता मीठ देई. आणि मला एकदम आठवलं, त्याच दिवसांत बापू मला म्हणाला होता, थावरावर नजर ठेव, फड सोडून कुठं जाते का पाह्य. तो गेला की मले सांग, मंग मीबी जातो. मी हे मदनसिंगला सांगितलं. त्याने उघडलेला डबा परत बंद केला. मग म्हणाला, "माह्या बापानंबी मले हेच सांगतलं होतं. आठ दिवस मी तुह्या बापाच्या मांगं मांगं फिरलो. तो पान्याचं तुमरेल घेऊन वावरात गेला तरी मांगं."

म्हणजे कळलं का तुला? तारीख दोघांनाही ठाऊक होती. दुसरा गेला नाही म्हणून पहिला गेला नाही. मी थावराकाकाच्या मागे, मदनसिंग बापूच्या मागे, आणि कोर्टात पट्टेवाला पुकारे देऊन दमला. पुढे उन्हाळ्यात परत आल्यावर दोघांनी आपापल्या वकिलाला निरोप पाठवला, दोघांनाही सारखंच उत्तर आलं की दावा संपला, आता येऊ नका, आणि दोघांनी गूळ आणला. आम्ही पायरीवर बसून इतके हसलो की येणारेजाणारे वकील आम्हाला निकाल आमच्या बाजूने लागला असं समजून नमस्कार करत होते.

पण नायक हसला नाही. म्हणाला, कागदाने काम झालं नाही तर साक्षीने होईल. दाव्याच्या प्रतीवर साक्षीदार तीन लिहिले आहेत. एक नंबर आपली आजी, ती गेली. दोन नंबर गावचा कोतवाल, तोही गेला. तीन नंबर: गोमती रूपला राठोड, वय बारा. झोडपणी झाली तेव्हा आपलं सगळं घर उसावर होतं, मागे फक्त म्हातारी आजी आणि तू. कोर्टाने तुला कधी विचारलंच नाही. आता तांडा विचारतो आहे. त्या दुपारी चिंचा कोणी झोडपल्या? थावराकाकाच्या घरच्यांनी झोडपल्या असतील तर बापू खरा आणि मदनसिंगची बाज उठेल. नसतील तर बापू खोटा आणि माझी बाज उठेल. तुझं उत्तर होळीला सगळ्यांसमोर फोडलं जाईल. तेव्हा नीट आठवून, देवाला स्मरून, काय खरं असेल ते लिही.

सगळ्यांना यथायोग्य. होळीच्या आत पोचेल असं लिही.

तुझा दादा,
किसनसिंग

ता. क. १: जवाईबापूंच्या हाती मागच्या वेळचा रिकामा लोणच्याचा बरणा परत पाठव. तुझी वहिनी त्याबद्दल मात्र माझ्याशी बोलते.

ता. क. २: मदनसिंग शेजारच्या बाजेवर बसून हे सगळं माझ्याकडून वाचून घेत होता. त्याला लिहिता येत नाही, तो सांगतो ते जसंच्या तसं लिहितो: "गोमतीबाईले मदनसिंगचा रामराम. तुह्या दादानं माह्या टोपीचं लिहलं पन ती त्याले बी शोभते हे नाही लिहलं. बाई, खरं काय ते लिहजो. पन आता आपलंबी वय झालं, मानूस इसरतोच, चव्वेचाळीस वरसाची गोष्ट. इसरली असशीन तं त्याचं काही मनाले लावून घेऊ नोको."

ता. क. ३: ही चिठ्ठी वेगळी आहे, लखोट्यात मागाहून घालतो आहे. मदनसिंग बकरी बांधायला गेला आहे, म्हणून भराभर लिहितो. झोडपणीच्या साली आम्ही उसावरून परत आलो तेव्हा तुझं तोंड आलेलं होतं, जीभ पांढरी फटक, आठ दिवस तुला भाकर चावता येत नव्हती. आई म्हणाली उष्णता झाली. आणि तुझ्या दोन्ही हातांत नव्या लाल बांगड्या होत्या, ज्या आपल्या घरात कोणी घेतल्या नव्हत्या. बांगडीवाला त्या वर्षी तांड्यात चिंचा घेऊन बांगड्या देत होता हे मला पुढे कळलं. बापूने थावराकाकाचं नाव घेतलं तेव्हा तू भिऊन गप्प बसलीस, आणि मी तुझ्याकडे पाहून गप्प बसलो. दोन पोती मात्र वकिलाने लिहिली असतील, तुला एवढी उचलली नसती. हे मी आजवर कोणाला बोललो नाही, रुखमाबाईलाही नाही, आणि सहा खेपा वाशीमला जाऊनही मदनसिंगला नाही. तेव्हा तू एकच ओळ लिही, मला काही आठवत नाही. खाली सही कर. बाज कोणाचीही उठली तरी दुसऱ्या बाजेवर पडून मी कोणाशी भांडू? बकरी बांधून तो येतोच आहे. लवकर लिही, बाई.